पाच मीटरांवरची फांदी

माझ्याजवळच्या टेलिफोटो भिंगाच्या नळीवर अंतराचे आकडे कोरलेले आहेत, आणि त्यांपैकी पाच व सहा या आकड्यांच्या मध्ये, पाचाकडे किंचित झुकलेला, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका मी स्वतः दिला आहे. परसातल्या पेरूची खालची आडवी फांदी माझ्या खिडकीपासून त्या ठिपक्याइतक्या अंतरावर आहे. भिंग सोव्हिएत बनावटीचे, ‘ताइर-३’ या नावाचे, ३०० मिलिमीटर केंद्रांतराचे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, पितळी समया आणि घड्याळांचे सुटे भाग यांच्या शेजारी मांडलेले ते मला दिसले आणि मी घेतले. आपण होऊन फोकस साधण्याची सोय त्याच्यात नाही, हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा नाही, आणि कॅमेऱ्याशी त्याचा जो काही संबंध आहे तो ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांपुरताच आहे. अशा साधनाने बागेतल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात सामान्यतः दोनच तर्क येतात: एक तर त्याला नवे भिंग परवडत नसावे, किंवा त्याला जुन्याचा सोस असावा. या दोन्ही तर्कांत थोडे तथ्य असू शकेल. परंतु त्यांच्यामुळे जो तिसरा आणि माझ्या मते खरा मुद्दा आहे, तो झाकला जातो. बागेतल्या पक्ष्यापुरते बोलायचे तर हे जुने भिंग नव्याहून अधिक योग्य साधन आहे, असे मी पुरत्या गांभीर्याने म्हणतो. कारण पक्षी येण्यापूर्वीच तो कोठे येणार, याचा निर्णय ते आपल्याला घ्यावयास लावते.

हे म्हणणे नीट उमगण्यासाठी भिंगाची घडण थोडी समजून घ्यावी लागते. लांब केंद्रांतराचे साधे भिंग म्हणजे तितक्याच लांबीची नळी. ती उचलून वावरणे दुष्कर. १८९१ साली लंडनच्या टॉमस डालमायर यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत आडोल्फ मीटे यांनी स्वतंत्रपणे, पुढे किरण एकवटणारा काचांचा गट आणि मागे ते किंचित फाकवणारा गट अशी योजना केली, तेव्हा केंद्रांतर लांब पण नळी आखूड हे इष्ट साधले गेले आणि आज ज्याला आपण टेलिफोटो म्हणतो ते अस्तित्वात आले. पाच मीटरांवर बसलेला दहा सेंटीमीटर लांबीचा शिंजीर ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगातून फिल्मवर जेमतेम एक मिलिमीटर उमटतो. ३०० मिलिमीटरच्या भिंगातून तो सहा मिलिमीटरांहून थोडा मोठा होतो, आणि त्याच्या चोचीचा बाक दिसू लागतो. परंतु या सहापटीची किंमत मोजावी लागते. भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवले तर पाच मीटरांवर जो पट्टा स्पष्ट उमटतो त्याची खोली पाच-सात सेंटीमीटरांहून अधिक नसते. बुलबुल वीस सेंटीमीटर लांबीचा पक्षी. तो तोंड आपल्याकडे करून बसला तर चोच व डोळा नीट आले तरी शेपूट धुक्यात गेलेले असते. एवढ्या पातळ पट्ट्यात एक चंचल जीव बरोबर सापडावा अशी अपेक्षा असेल, तर तो आल्यावर कडे फिरवून त्याचा पाठलाग करण्यात अर्थ नाही. हात फिरेपर्यंत तो उडालेला असतो. तेव्हा आधी पट्टा मांडायचा आणि मग पक्ष्याची वाट पाहायची, हा एकच मार्ग उरतो.

वाट पाहणे म्हणजे नुसते बसून राहणे नव्हे. जागा ठरवायची तर ती कशाच्या आधारावर? येथेच पक्ष्याच्या दिनक्रमाचा अभ्यास अपरिहार्य होतो, आणि हा अभ्यास कोणी हौसेने करतो म्हणून नव्हे, तर त्यावाचून एकही चित्र हाती लागत नाही म्हणून होतो. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीवर जे निरीक्षण केले, त्यातून नर एकापाठोपाठ एक घरटी बांधतो, अर्धवट घरटे मादीने पसंत केल्यावरच ते पुरे करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवे सुरू करतो, हे त्या पक्ष्याचे जगण्याचे सारे गणित प्रथम उलगडले. ते ज्ञान देशभर हिंडून मिळालेले नव्हते. एका विहिरीजवळच्या एका वसाहतीपुढे महिनोन्‌महिने बसून मिळालेले होते. माझे परस आणि किहीम यांची तुलना करण्याचे औद्धत्य मी करणार नाही, परंतु एका जागी बसण्याची शिस्त दोन्हीकडे एकच आहे, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

माझ्या या प्रतिपादनाविरुद्ध सर्वांत बळकट पुरावा पक्षिछायाचित्रणाच्या इतिहासातच आहे, आणि तो मी दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या काळी भिंगे मंद होती, काचेच्या तबकड्यांना प्रकाश पुष्कळ लागे आणि फोकस अगोदर करून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या काळी पक्षी हमखास परत येईल अशी जागा छायाचित्रकारांना एकच सुचली, आणि ती म्हणजे घरटे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, १८९५ मध्ये घरट्यांवरचा त्यांचा छायाचित्रयुक्त ग्रंथ निघाला, आणि पक्ष्यांनी बुजू नये म्हणून त्यांनी पुढे पोकळ बैलाच्या कातड्यात लपून बसण्यापर्यंत मजल गाठली. आपल्याकडे लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. सिंगापूरचे लोक वान थो हे सलीम अलींचे स्नेही आणि त्यांच्या मोहिमांचे साथीदार. या दोघांच्या कामाचाही मोठा भाग घरट्यासमोर आडोसा उभारून झालेला आहे. त्यांची चिकाटी वंदनीय होती, आणि त्यांच्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी काळजीही घेतली. तरीही जे साधन आपल्याला जागा ठरवावयास लावते तेच आपल्याला घरट्याकडे ओढते, हा आक्षेप त्यामुळे नाहीसा होत नाही.

तो आक्षेप मी स्वतःच्या हाताने खरा करून दाखवला आहे. काही वर्षांपूर्वी लिंबाच्या झुडपात बुलबुलाच्या जोडीने घरटे केले होते. खिडकीतून ते अर्धेच दिसत होते, म्हणून मी एक डहाळी सुतळीने बाजूला बांधली. काही तोडले नाही, घरट्याला हात लावला नाही, आणि आपण सर्व दक्षता घेतली आहे असे मी मनाशी मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्या झुडपातून चालत बाहेर येताना दिसला. मी जाऊन पाहिले तो घरटे रिकामे होते. जी फट मी भिंगासाठी पाडली होती ती भारद्वाजालाही पुरली. माझ्या नोंदवहीत त्या तारखेखाली एवढेच लिहिलेले आहे की अंडी तीन होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. ते कलम मला त्या वेळीही ठाऊक होते, परंतु सुतळी बांधताना ते आपल्याला लागू पडते असे वाटले नाही. आज वाटते.

मग जुन्या भिंगाच्या छायाचित्रकाराने काय करावे? घरट्याखेरीज पक्षी परत येतो अशा दुसऱ्या जागा शोधाव्यात. आणि त्या बागेत असतात, रानात सहसा असत नाहीत किंवा असल्या तरी आपल्याला ठाऊक नसतात. हाच माझ्या युक्तिवादाचा कणा आहे. रानातला पक्षी आपल्याला एकदा भेटतो. परसातला पक्षी आपला शेजारी असतो, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा असतात, ठरलेल्या बैठका असतात, आवडीनिवडी असतात. उन्हाळ्यात मातीचे एक पसरट भांडे पाण्याने भरून सावलीच्या कडेला ठेवले, तर घरट्याने जे काम कीर्टन बंधूंसाठी केले ते काम हे भांडे करते, आणि त्यात कोणाचे काही हिरावून घेतले जात नाही.

त्या भांड्यावरची हजेरी मी तीन उन्हाळे टिपून ठेवली आहे. बुलबुल जोडीने येतात. एक पाणी पितो तेव्हा दुसरा वरच्या फांदीवर बसून राहतो, आणि नंतर जागा बदलतात. सातभाई दुपारी सगळे एकदम उतरतात, भांड्यात मावत नाहीत, एकमेकांना ढकलतात, आणि त्यांच्या कलकलाटात पाच मिनिटांत निम्मे पाणी बाहेर सांडलेले असते. दयाळाची रीत अगदी निराळी. तो कधीही थेट भांड्यावर येत नाही. आधी तो दोडक्याच्या वेलासाठी रोवलेल्या बांबूच्या टोकावर उतरतो, शेपटी झटक्याने उंच करून हळूच खाली आणतो, मान वाकडी करून खालची जमीन न्याहाळतो, आणि मग पेरूच्या त्या आडव्या फांदीवर येऊन पुन्हा एकदा थांबतो. हा दुसरा थांबा लांबचा, मनात सावकाश दहा आकडे मोजता यावेत एवढा. हे मला कळायला एक सबंध उन्हाळा लागला. पहिले कित्येक दिवस मी भांड्यावर फोकस लावून बसत असे आणि पाण्यात मान घातलेल्या, डोळा न दिसणाऱ्या दयाळाची निरुपयोगी चित्रे गोळा करीत असे. भिंगाने माझी अडवणूक केली म्हणूनच मी त्या फांदीचा शोध लावला. नळीवरचा पांढरा ठिपका हा त्या शोधाचा दाखला आहे.

शिंजिराची गोष्ट याहून बोधक आहे. तो भांड्यावर माझ्या पाहण्यात तरी कधी आला नाही. हा पक्षी आंघोळ करीत नाही की काय, अशी मला शंका होती. पुढे एका सकाळी कर्दळीला पाणी घातल्यावर तिच्या रुंद पानांवर जे थेंब राहिले होते त्यांवरून तो छातीने घसरत गेला, पुन्हा वर चढला, पुन्हा घसरला. पानावरचे पाणी हेच त्याचे स्नानगृह. तेव्हापासून मी सकाळी आठच्या सुमारास कर्दळीवर झारीने पाणी शिंपडतो आणि वरून तिसऱ्या पानावर फोकस लावून ठेवतो. विणीच्या पोशाखातला नर सावलीत काळा ठिक्कर दिसतो. त्याचा निळा-जांभळा रंग हा पिसांत मिसळलेल्या रंगद्रव्याचा नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा आहे, त्यामुळे ऊन आणि आपली नजर यांचा ठरावीक कोन जुळला तरच तो पेटतो. आठ वाजता कर्दळीच्या तिसऱ्या पानावर तो कोन जुळतो. साडेनऊला जुळत नाही.

मुंबईचे माझे एक स्नेही नव्या पिढीचे कॅमेरे आणि ६०० मिलिमीटरची भिंगे वापरतात. त्यांचा कॅमेरा चौकटीतला पक्षी आणि त्या पक्ष्याचा डोळा स्वतः हुडकून काढतो, आणि सेकंदाला वीस चित्रे घेतो. ते माझ्याकडे मुक्कामाला आले असताना या विषयावर आमचे पुष्कळ बोलणे झाले. “अहो, चित्रात महत्त्व पक्ष्याला आहे, तुमच्या तपश्चर्येला नाही,” असे ते म्हणाले, आणि या आक्षेपाचे वजन मी कमी लेखत नाही. पाहणाऱ्याला समोरच्या चित्रात दयाळ दिसतो; तो टिपायला उन्हाळा लागला की क्षण लागला, हे चित्रावर लिहिलेले नसते. शिवाय उडता ससाणा, चिखलाणीतले पाणपक्षी, जंगलात क्षणभर दिसून नाहीसा होणारा दुर्मीळ पक्षी यांची नोंद पुराव्यासाठी हवी असेल, तर त्यांचेच साधन वापरले पाहिजे. माझे भिंग तेथे कामाचे नाही, हे मी बिनतक्रार मान्य करतो. माझा दावा अंगणाच्या कुंपणापर्यंतच आहे.

परंतु त्या कुंपणाच्या आत काय घडले ते सांगतो. त्यांनी एका सकाळी जास्वंदीवर आलेल्या शिंजिराची शेकडो चित्रे घेतली, सर्व लखलखीत. आठवड्याने मुंबईहून त्यांचा फोन आला. चित्रे निवडताना त्यांच्या लक्षात आले होते की शिंजीर फुलाच्या तोंडातून मध घेतच नाही. तो देठाजवळ बसतो आणि पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरून चोच खुपसतो. त्यांना तो शोध वाटला, आणि त्यांच्या आवाजातला आनंद खरा होता. मी मात्र दोन वर्षे फुलाच्या देठावरच फोकस लावीत आलो होतो, कारण फुलाच्या तोंडावर लावलेला फोकस दरवेळी फुकट गेला होता. आम्हा दोघांनाही एकच गोष्ट कळली. त्यांना ती पडद्यावर, पक्षी नसताना कळली आणि मला तो समोर असताना. श्रम दोघांनीही केले. त्यांचे श्रम निवडण्यात गेले, माझे पाहण्यात. छायाचित्रणाचा हेतू उत्तम चित्रांचा संग्रह हाच असेल तर या फरकाला काही अर्थ नाही. पक्ष्याशी परिचय हा हेतू असेल तर सारा अर्थ या फरकातच आहे.

जुन्याचा सोस मला नाही, हे सांगण्याची आणखी एक सोय आहे: माझे भिंग ज्या कॅमेऱ्यावर चढते तो नवा आहे. या आट्यांच्या भिंगांना चित्रपटलापासून सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर दूर बसावे लागते. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांची काया इतकी पातळ असते की मधल्या मोकळ्या जागेत धातूचे एक कडे बसवून वाटेल ते जुने भिंग त्यांना जोडता येते. शिवाय पडद्यावर दृश्य मोठे करून पाहता येत असल्यामुळे फोकसची बारीक तपासणी करता येते, जी पूर्वीच्या अंधूक काचेवर दुर्घट होती. तेव्हा येथे नव्या-जुन्याचे भांडण नाही. मात्र कॅमेऱ्याला या भिंगाची ओळख पटत नाही. कोणते केंद्रांतर, किती छिद्र, याचा तपशील चित्राबरोबर नोंदला जात नाही. तो मला वहीत लिहावा लागतो, आणि लिहायला बसलोच आहे म्हणून वारा, ढग, झाडाचा बहर आणि कोण कोणाला हुसकून गेला हेही लिहिले जाते. चित्रांपेक्षा ते दफ्तर आज मला अधिक मोलाचे वाटते.

भिंगाचे दोषही सांगितले पाहिजेत, कारण ते सत्याशी निगडित आहेत. निरनिराळ्या रंगांचे किरण ते एका बिंदूवर आणू शकत नाही. पांढऱ्या आकाशापुढे बसलेल्या काळ्या शिंजिराच्या कडेला जांभळी रेघ उमटते, आणि पक्षी मुळात जांभळा असल्यामुळे ती रेघ त्याच्या पिसांचीच आहे असे कोणालाही वाटेल. ती पक्ष्याची नव्हे. ती काचेची आहे. छिद्र एफ/८ पर्यंत आवळले की हा दोष पुष्कळ कमी होतो, आकाशाऐवजी हिरव्या पानांची पार्श्वभूमी निवडली की जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून तेवढे करणे मी माझे कर्तव्य समजतो. जुन्या भिंगांच्या या रेघांना कित्येक जण ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणून गौरवतात, ते मला पटत नाही. पक्ष्याच्या अंगावर नसलेला रंग चित्रात येणे हा खोटा जबाब आहे, तो देखणा असला तरी.

आणि आमच्या साताऱ्याचा पावसाळा! आषाढ-श्रावणात हवेत जो ओलावा भरून राहतो, त्याने काचांच्या मधल्या फटीत बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे पसरतात. प्रथम ते काचेवरच्या लेपावर वाढतात आणि वेळीच काढले नाहीत तर लेप कायमचा खातात. माझ्या भिंगाच्या मागच्या काचेवर असा एक डाग आहे. जून लागताच मी भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, आणि उघडीप मिळाली की तोंडावरचे झाकण काढून थोडा वेळ उन्हात धरतो. चामड्याच्या जुन्या पिशवीत मात्र ते कधी ठेवू नये. ते चामडे ओल धरून ठेवते.

मद्रासचे निसर्गलेखक म. कृष्णन यांनी १९५० पासून १९९६ मध्ये निधन होईपर्यंत ‘द स्टेट्समन’मध्ये पाक्षिक सदर लिहिले, आणि त्यांचे कॅमेरे निरनिराळ्या यंत्रांचे भाग एकत्र करून त्यांनी स्वतः जुळवलेले होते. त्यांची चित्रे कृष्णधवल. त्यांनी हत्ती-गव्यांवर जेवढे प्रेम केले तेवढेच घराभोवतीच्या कावळ्यांवर, खारींवर, साळुंक्यांवर केले. साध्या पक्ष्याकडे इतक्या आदराने पाहणारा माणूस विरळा. आज फेब्रुवारीत चार दिवस परसबागेतल्या पक्ष्यांची जी जागतिक गणना होते, तिच्यात २०१३ पासून भारतातलेही लोक भाग घेतात. ओळखीच्या पक्ष्यांची संख्या कमी होत आहे की काय, हे ओळखीच्या पक्ष्यांकडे कोणी रोज पाहत असेल तरच कळणार. दुर्मीळ पक्ष्यामागे धावणारे पुष्कळ आहेत. बुलबुलापाशी बसणारे थोडे.

म्हणून ज्यांच्या घरी वडिलांच्या किंवा काकांच्या काळातले एखादे लांब भिंग कपाटात पडून आहे, त्यांना माझी विनंती आहे की ते बाहेर काढावे, काच दिव्यासमोर धरून बुरशी पाहावी, आणि ते कॅमेऱ्यावर चढवण्यापूर्वी एक महिना नुसतेच परस पाहावे. भांडे खिडकीपासून पाच-सहा मीटरांवर ठेवा, दोन बोटांहून खोल नको. पाणी रोज बदला, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात आणि पक्ष्यांनाही रोग होतो. भांड्याशेजारी बसण्याजोगी एक फांदी असू द्या. झुडपात घरटे दिसले तर भिंग दुसरीकडे वळवा आणि पिले उडून जाईपर्यंत तिकडे फिरकू नका. यंदा लिंबाच्या त्याच झुडपात बुलबुलांनी पुन्हा घरटे केले आहे. किती अंडी आहेत ते मी पाहिलेले नाही.